तुलनेच्या शाळेतले मुंजाजी गुरुजी

मुंजाजी गुरुजींसारखा हट्टी माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात नसेल. त्यांच्या शेजारच्याच वर्गात मी शिकवते, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

पेडगावच्या पुढे आमची दोनशिक्षकी शाळा. एका कंपनीने मुलांना वाचायला शिकवण्याचा कार्यक्रम काढला होता आणि तो खरंच चालतो का, हे विद्यापीठाने तपासायचं होतं. निम्म्या शाळांना कार्यक्रम, निम्म्या नुसत्या तुलनेला. चिठ्ठ्या टाकल्या, आम्ही तुलनेत गेलो. शेजारच्या गावाला कार्यक्रमाच्या रंगीत पेट्या आल्या. आमच्याकडे संशोधक मंजुषा मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, दोन वर्षं काही बदलू नका. आजवर जसं शिकवलंत तसंच शिकवा."

"शबुद देला," गुरुजी म्हणाले. तिथेच घात झाला.

मी नवा तक्ता लावला, त्यांनी उतरवला. फळा रंगवायला माणूस आला, त्याला चहा पाजून परत पाठवला. गोष्टीतला कोल्हा मागच्या वर्षी विहिरीत पडला होता, म्हणून मुलांनी कितीही विनवलं तरी तो याही वर्षी पडला. इथवर मी हसून घेतलं. मग गुरुजींना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला.

त्यांच्या पत्नी सुमनबाई परभणीच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी नाव घालून आल्या. गुरुजी हटेनात. "नीट दिसलं की मी चांगलं शिकवीन. मग बदल झाला न्हाई का?"

मी मंजुषा मॅडमना फोन लावला. त्या हादरल्या, पण त्यांनाही वर विचारावं लागलं. वरून उत्तर आलं की एकट्या गुरुजींचं ऑपरेशन झालं तर तुलना बिघडेल. करायचंच तर तुलनेच्या सगळ्या शाळांतल्या शिक्षकांचं करावं. बाकीच्यांचे डोळे ठणठणीत होते. कंपनीचे विवेक साहेब म्हणाले, उद्या ऑपरेशनने मुलं सुधारली तर डॉक्टरही कार्यक्रम विकायला निघतील. माझं डोकंच फिरलं.

शेवटी सुमनबाई शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "त्या लोकांना तुलना पायजे, मला नवरा पायजे! ओसरीवरून पडलात तर कोण बघायचं?"

"शबुद देलाय मी."

"लग्नात मला बी देलता की!"

गुरुजी खाली मान घालून बसले, पण दवाखान्यात काही गेले नाहीत.

हळूहळू त्यांना पुस्तकातलं दिसेना. मग मुलं वाचून दाखवू लागली. धडे, पेपरातला कापसाचा भाव, वरून आलेलं परिपत्रक, गोळ्यांचं पाकीट, सगळंच. कुणी अडखळलं की गुरुजी म्हणायचे, "मला समजंना, पुन्हा वाच." त्यांना खरंच समजलेलं नसायचं, त्यामुळे पोरांनाही गंमत वाटायची. तिसरीतली ईश्वरी जोडाक्षर दिसलं की रडायची. ती आता परिपत्रकं घडाघडा वाचू लागली, मलासुद्धा न कळणारी.

शेवटच्या चाचणीत आमची मुलं पेटीवाल्या मुलांच्या पुढे गेली. विवेक साहेबांचं तोंड उतरलं. पण पोरांना विचारून खरा प्रकार कळताच ते खुलले. शिक्षकांच्या डोळ्यांवर बांधायची पट्टी पेटीत घालता येईल का, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांना चहा दिला नाही.

निकाल सांगायला मंजुषा मॅडम स्वतः आल्या. सुमनबाईही तिथेच होत्या.

"गुरुजी, तुमची शाळा अभ्यासातून वगळलीय. तुमची नजर गेली, म्हणजे शाळा पूर्वीसारखी राहिली नाही, असं वरचे म्हणतात."

"पण मी तर काय बी बदललं न्हाई."

"हो ना," मॅडम पुटपुटल्या. "ऑपरेशन केलं असतंत, तर शाळा पूर्वीसारखी राहिली असती."

मला त्या विद्यापीठाचा, कंपनीचा आणि गुरुजींचाही भयंकर राग आला. गुरुजींनी हात पुढे करून हवेत चाचपलं, सुमनबाईंनी तो धरला. ते उठले.

"मॅडम, मग आता बदलू का मी?"

मॅडमनी डोळे पुसत होकारार्थी मान हलवली. गुरुजींना ते दिसलं नाही, म्हणून ते उत्तराची वाट बघत तसेच उभे राहिले.