बोंबलांच्या दोरीवरचा मास्क

स्नेहीजनहो, झोपेत माझा श्वास थांबतो. म्हणून रात्री यंत्राचा मास्क लावावा लागतो. तो धुऊन घरातच पंख्याखाली वाळवण्याचे काम पत्नी करीत असे. ती गेल्यापासून ते माझ्याकडे आले.

आज सकाळी मी तो अंगणात, शेजारच्या जयाबाईंच्या बोंबलांच्या दोरीवर वाळत घातला. दुपारी पाहतो, तर मास्क नाही!

"भाऊ, तो बघा, बोक्याच्या तोंडात!" जयाबाई काठी घेऊन धावल्या. मास्क मिळाला, पण त्याची रबरी कड फाटली होती. डहाणू रोडच्या दुकानात नवा उद्याच येणार. आजची रात्र खुर्चीत जागून काढण्याचे मी ठरवले.

"बसून कशाला?" जयाबाई म्हणाल्या. "खिडकी उघडी ठेवून झोपा. बोंबील राखायला आम्ही रात्रभर अंगणातच असतो. घोरणं थांबलं, की हाक मारीन. यंत्र येण्याआधी वहिनींचं 'अहो, कुशीवर वळा' रोज ऐकायचो आम्ही भिंतीतून."

ती हाक मी स्वतः कधीच ऐकली नव्हती.

आता अंधारून येत आहे. खिडकी उघडली आहे, तरी धास्ती जात नाही. आपल्या झोपेसाठी कोण जागे असते, हे आपल्याला ठाऊक आहे का?