मापं ऐकणारं जपानी बाहुलं

राजूरचा आमचा शिंपी मापं कधी लिहीत नाही. त्याच्या भाचीनं पुण्याहून आणलेलं, कुणा जपानी कलाकारानं घडवलेलं वीतभर प्लॅस्टिकचं बाहुलं मशीनवर असतं. त्यालाच तो ओरडून सांगतो, "कंबर छत्तीस, ध्यानात ठेव!"

गेल्या खंडेनवमीला मी दुकानात पूजेला मदत करत होतो; मशीन-कात्रीसोबत त्यालाही कुंकू लावताना माझ्या हातून त्याचा कान मोडला. मी तो गुपचूप चिकटवला, तोही उलटा. तेव्हापासून पँट आखूड झाली की शिंपी म्हणतो, "ह्याला कमी ऐकू येऊन राह्यलंय."

वर्षभर मला ते टोचत होतं. परवा दुकानात सांगून टाकलं, "मामा, कान मीच मोडला."

त्यानं बसलेल्या गिऱ्हाइकाकडं पाहिलं आणि माझ्याजवळ सरकला. "ठाऊक हाय मला. हळू बोला, भाऊ! मंग आखूड पँटी कुणाच्या नावावर घालू?"