बिंदग्यातलं हॉट चॉकलेट

२०१९ साल होतं आणि माझं वय एकाहत्तर. मुखेडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीत बसलो तेव्हा मांडीवर बिंदगं होतं. बिंदगं म्हणजे येळवशीला शेतात अंबील न्यायचं मडकं. बाकीचं सामान पोरानं, भास्करनं, वर फळीवर टाकलं. मडकं मी कुणाला धरू दिलं नाही. कंडक्टर म्हणला, "बाबा, खाली पायात ठेवा की." मी म्हणलं, "तू तुझी तिकिटं फाड."

माझी बायको शांता जाऊन वरीस झालं होतं. तेवढं वरीस मी एकट्यानं भाकरी थापल्या, जळक्या का होईना. मग अंगणात पाय घसरला, खुबा मोडला, आणि भास्कर म्हणला, "आबा, आता तुमचं काही ऐकून घेणार न्हाई." रान पुतण्याच्या हवाली केलं. घराला कुलूप लावताना शेजारच्या गंगूबाईनं विचारलं, "परत कवा?" मी म्हणलं, "येळवशीला."

तेव्हापासून कुणी विचारलं, कुठं राहता, तर मी मुखेड तालुका सांगत आलो. लातूरला मी असतो. राहतो गावाकडं.

गावातल्या मंडळींना येळवस सांगायची गरज नाही. पण आपल्यातले जे लांब गेले, त्यांच्या पोरांसाठी लिहितो. थंडीत एक अमावस्या येते, तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं घर रानात. कडब्याची खोप करायची, आत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव मांडायचे, भाकरी, सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी आणि अंबिलीचा निवद दाखवायचा. अंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ. बिंदग्यावर घोंगडं टाकून ते डोक्यावर न्यायचं. मग उभ्या पिकावर अंबील शिंपडत रानाला फेरी मारायची. आणि बांधावरून जो जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ओळखीचा असो का नसो. आमचा बाप म्हणायचा, "येळवशीला आपल्या बांधावरून माणूस उपाशी गेला, तर ते रान आपलं न्हाई." मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो. पण हे वाक्य मला कुणी दोनदा सांगितलं नाही.

लातूरचं घर पक्कं हाय. खाली आम्ही, वर खोलीत क्लासच्या दोन पोरी भाड्यानं. इथं जेवताना टेस्ट, बॅच, कट-ऑफ असं बोलणं चालतं. नात ऋतुजा बारावीला हाय, तीसुदिक त्यातच. सूनबाई सविता नाशिककडची, तिच्या माहेरी येळवस नाही. गावाकडं आपण सकाळी उठून आभाळ बघायचो, इथं मोबाईल बघतात. तक्रार नाही, हाय ते सांगितलं.

दरसाली मी येळवशीला गावी जायचो. गेल्या येळवशीला घोळ झाला. पुतण्याचा, तुकारामचा, आदल्या दिवशी फोन आला, "आबा, औंदा आमी देवणीला सासऱ्याच्या रानात करून राहिलो. तुमी बी तिकडंच या."

"आन् आपलं रान?"

"एका सालानं काय हुतंय, आबा?"

मी फोन ठेवला. भास्कर दूध डेअरीत, दुधाला सुट्टी नसते. ऋतुजाची दुसऱ्या दिवशी टेस्ट. म्हणून मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मी एकटा जाणार. आन् ह्या बारीला गेलो की तिथंच राहणार."

भास्कर म्हणला, "तिथं तुमच्या हाताशी कोण हाय, आबा?"

"रान हाय."

सवितानं तिळाची भाकरी केली आणि फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवली. ती भांडत नाही, हेच मला तिचं पटत नव्हतं. भांडणाऱ्या माणसाला सोडून जाणं सोपं असतं.

येळवशीला सकाळी पिशवी आणि बिंदगं घेऊन पायरीवर बसलो. पिशवीत अंबिलीचं पीठ, निवदाचा गूळ. भास्कर पहाटेच डेअरीत गेला होता. बसलो तो बसलोच. लातूर त्या दिवशी ओस पडतं, दुकानं बंद, धान्याचा मोंढा बंद, आणि रिक्षावाले त्यांच्या त्यांच्या रानात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रागात सुचलं नाही. स्टँडपर्यंत चालायला खुबा तयार नव्हता.

तेवढ्यात वरची नेहा, कोकणातली पोरगी, तिच्या जोडीदारणीला घेऊन खाली आली. "काकू, मेस बंद आहे. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमचा गॅस वापरू? हॉट चॉकलेट करायचंय, ख्रिसमसचं."

सविता म्हणाली, "जेवायलाच थांबा ना. भाकरी टाकते."

"आधी हे करू या, काकू. दोन दिवस सामान जमवतोय."

ऋतुजा पुस्तक टाकून उठली. मी पायरीवरूनच म्हणलं, "येळवशीला अंबील पित्यात."

"आबा, तुम्ही तर गावाला गेलात ना?" ऋतुजा म्हणाली. "मग मधी का बोलून राहिलात?"

पोरगी शांतावर गेली हाय.

वास यायला लागला तसा मी उठून दारात उभा राहिलो. पोरींनी कोकोची पावडर चाळून घेतली, थोड्या दुधात कालवली, म्हणजे गुठळी होत नाही. चॉकलेटची वडी किसणीवर किसली. दुधात दालचिनी, वेलदोडा आणि संत्र्याची साल. साल वरची केशरीच घ्यायची, पांढरं आलं की कडू होतं, असं नेहा सांगत होती. मग डबा उघडला तर साखर तळाला.

मी म्हणलं, "सणाला साखर कशाला? गूळ घ्या." आणि पिशवीतला खडा काढला. सविता म्हणाली, "मामा, थांबा, आधी गॅस..." मी कशाला थांबतोय? उकळत्या दुधात गूळ टाकून मोकळा.

दूध नासलं. फुटून चोथा वर, पाणी खाली. पातेल्याच्या बुडाला करपलं ते वेगळं. मी म्हणलं, "दूधच पातळ हुतं."

"मामा, दूध तुमच्या लेकाच्या डेअरीचं आहे," सविता म्हणाली.

दुकान एक उघडं नव्हतं. फ्रीजमध्ये एक पिशवी दूध उरलं होतं, एवढ्या माणसांना कुठं पुरणार? नेहा हळूच म्हणाली, "राहू दे, काकू. आम्ही वर जातो." आणि पोरी निघाल्या.

त्या दाराकडं वळल्या, तेव्हा मला बापाचं बोलणं आठवलं. मी म्हणलं, "कुठं निघालात? बसा खाली. आज कुणी उपाशी वर जाणार न्हाई."

सवितानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "मामा, अंबिलीला पीठ कसं लावता तुम्ही?"

एवढ्या वर्षांत तिच्या ओट्यापाशी मी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. पिशवीतलं पीठ काढलं, कोरडंच भाजलं, गार पाण्यात कालवलं. उरलेल्या दुधात बराबरीनं पाणी घातलं, उकळी आली की पीठ एका हातानं सोडत दुसऱ्या हातानं हलवत राहिलो. दाट झालं. मग नेहाचा कालवलेला कोको, चॉकलेटचा कीस आणि नवी दालचिनी. मी गुळाला हात घातला तशी सवितानं माझं मनगटच धरलं. गॅस बंद केला, पातेलं जरा निवू दिलं आणि मग म्हणाली, "आता टाका." टाकला. नासलं नाही. फुटलेल्या दुधाचं पाणी काढून तिनं तो चोथा गुळात परतला, त्याचा निवद झाला.

ऋतुजानं बिंदगं आणलं. मी म्हणलं, "ते अंबिलीचं हाय."

"यात पीठ कुणाचं आहे, आबा?"

मी पातेलं उचललं. मडकं भरलं, वर शाल टाकली, आणि जिन्यानं डोक्यावर नेलं. सविता मागून माझी कोपरं धरून होती. गच्चीत पोरींनी कपडे वाळवायच्या दोरीवर चादर टाकून खोप केली होती. विटेच्या तुकड्यांचे पांडव, त्यांना चुन्याऐवजी खडू. कडीपत्त्याच्या कुंडीभोवती मी फेरी मारून शिंपडलं, कुंडीनं कुरकुर केली नाही. मग सगळ्यांनी भाकरी खाल्ली आणि वर ते प्यालं. दालचिनी लागत होती, गूळ लागत होता, आणि शेवटाला ज्वारी. नेहा म्हणाली, "आबा, असं कुठंच मिळत नाही." मी म्हणलं, "मिळंल कसं?"

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. भास्करनं डेअरीतून फोन करून कुण्या ओळखीच्या रिक्षावाल्याला पाठवलं होतं. तो खालून ओरडला, "बाबा, स्टँडला जायचंय ना? लवकर या, मला रानात जायचंय!"

"जेवलास का?"

"रानात गेल्यावर!"

"मग आधी वर ये."

आला. पेला तोंडाला लावला आणि थांबला. "बाबा, औंदा अंबील गोड केली का? आन् काळी कशानं?"

"काळ्या रानातली हाय," ऋतुजा म्हणाली. तो एवढा हसला की ठसका लागला. दुसरा पेला मागून घेतला. मग म्हणला, "चला, बाबा, सोडतो." मी म्हणलं, "तू जा तुझ्या रानात. माझी माणसं अजून जेवून राहिली."

गावाकडच्यांनो, घराला कुलूप हाय, किल्ली माझ्याकडंच हाय. तुकारामला मी चार शब्द सुनावले, औंदा आपल्या रानात खोप झाली नाही तर बघ म्हणलं. येईन मी, जमंल तसं. आणि आपल्यातून जे लांब गेलेत, त्यांना एवढंच सांगतो. बांध कुठं हाय ते जमिनीवरून ठरतं, असं मला वाटायचं. गेल्या येळवशीला मी माणूस उपाशी जाऊ दिला नाही, तर बापाच्या हिशेबानं ती गच्ची माझी झाली. मी बापाच्या शब्दाबाहेर गेलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. पिशवी दारातच होती, ती खुंटीला अडकवली. करपलेलं पातेलं मोरीत भिजत होतं. पाट घेतला, बसलो आणि घासायला लागलो. सविता धावत आली, "मामा, राहू द्या, मी घासते."

मी म्हणलं, "तू चहा ठेव. माझ्या घरातलं भांडं हाय."