अण्णांच्या सोप्या व्याख्या

अण्णांनी नोकरीभर पाचवीला इंग्रजी शिकवलं. कप म्हणजे ज्यातून चहा पितो तो, विंडो म्हणजे जिच्यातून उजेड येतो ती, अशा सोप्या व्याख्या ते मुलांना लिहून द्यायचे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांना वस्तूंची नावंच सापडेनात. आज सकाळी ते खिडकीकडे बोट दाखवत अडखळत म्हणाले, "ती... जिच्यातून उजेड येतो."

मी पडदा सारला आणि कितीतरी दिवसांनी जीव भांड्यात पडला. नाव गेलं होतं, अर्थ जागेवर होता. एरवी आपण नुसत्या नावावर भागवतो. कोण कशासाठी आहे, हे कुठे आठवत असतो?

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. अण्णा तिच्याकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "जी सगळ्यांच्या आधी उठते."

"हो, तीच मी," आई म्हणाली. "घ्या, गरम आहे."