फितीच्या मधली पट्टी

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. बाईंच्या डाव्या हातात एका सात वर्षांच्या मुलीचा कान होता. म्हणजे कानाचा गुलाबी रबरी ठसा, दवाखान्यातून पुठ्ठ्याच्या डबीत आलेला. उजव्या हातातल्या पात्याने त्या त्याची कड तासत होत्या. ठशावरून साचा, साच्यातून पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, तुकड्याला भोक, भोकात नळी आणि नळीच्या टोकाला ऐकण्याचं यंत्र. कड केसभर जास्त तासली गेली तर ते यंत्र त्या मुलीच्या कानात दिवसभर शिट्टी मारणार. सव्वीस वर्षांत बाईंनी केलेलं काम शिट्टीच्या तक्रारीने चार वेळा परत आलं आहे. चारही डब्यांचे क्रमांक त्यांना पाठ आहेत.

वय बासष्ट. कारखान्यात त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. शेजारच्या टेबलावर पॉलिश करणाऱ्या मुलीला गेल्या महिन्यात कुठूनसं कळलं की बाई एकेकाळी बँडमध्ये ड्रम वाजवायच्या. तेव्हापासून तिने पिच्छा पुरवला होता.

"बाई, मग तुमचे कान शाबूत कसे राहिले?"

"शाबूत आहेत असं कोण म्हणालं? तुझी निम्मी बडबड ऐकू येत नाही, म्हणून तर टिकून आहे इथे."

बँड चौघांचा होता. दादा, म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, गिटार वाजवायचा. लंबू नावाचा एक उंच, अबोल मित्र बेसवर होता. चौथा गायक, तो गाण्यापेक्षा ओरडायचा जास्त. पंकची लाट ओसरत आली होती आणि तिच्या मागून जे कोरडं, टोकदार संगीत आलं, ज्याला पुढे पोस्ट-पंक म्हणू लागले, ते हे चौघे वाजवायचे. त्यांची एक तबकडी निघाली. ती अजूनही अधूनमधून कुणाच्या तरी यादीत असते. गायक त्यावर आजही मुलाखती देतो.

बँड चालू असतानाच दादा आणि बाईंनी आणखी एक उद्योग केला होता. वडिलांच्या बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत, उसन्या टेपरेकॉर्डरवर, अठ्ठावीस मिनिटांचं एक सलग संगीत. ड्रमऐवजी कागदाचे रिकामे खोके आणि एक पत्र्याचा डबा. दादाची गिटार विजेला न जोडलेली, आणि तो जवळजवळ कुजबुजत ओळी म्हणायचा. कॅसेटच्या चाळीस प्रती काढल्या. त्यातल्या बऱ्याचशा पडून राहिल्या. या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. दादाला जाऊन सत्तावीस.

साडेअकराला एक संशोधक कारखान्यात आला. पस्तिशीचा, काटक, बोलताना हातवारे करणारा. अशा बँडमधल्या लोकांनी मुख्य काम सोडून बाजूबाजूने जे केलं, ज्याच्याकडे तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याचा नव्याने हिशोब मांडणारं पुस्तक तो लिहीत होता. शुक्रवारी मजकूर छपाईला जायचा होता. त्याचं म्हणणं असं की गाजलेल्या तबकड्या म्हणजे दुकानाची दर्शनी काच, खरा माल मागच्या खोलीत. बाईंच्या बँडची तबकडी त्याच्या मते आता थोडी आदळआपट वाटते, पण ती कॅसेट अजूनही जुनी वाटत नाही. तिच्यावर त्याने पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण लिहिलं होतं. बाई ऐकत होत्या आणि हाताने काम चालू होतं. खोके आणि डबा यांचा उल्लेख त्याने केला तेव्हा त्यांना बरं वाटलं, हे मात्र खरं.

मग तो म्हणाला की त्या कामाचा प्राण म्हणजे मागचा आवाज.

"कसला मागचा आवाज?"

तो चकित झाला. दादाच्या कुजबुजीमागे एक स्त्री सतत बोलते, अगदी पुसट, सरकारी पत्रातली वाक्यं. कारकुनी भाषेचं भूत मागे उभं केल्यासारखं. दादाला ते कसं सुचलं असेल, यावर त्याने दोन पानं खर्ची घातली होती. त्याने हेडफोन पुढे केले. बाईंनी हात पुसले, हेडफोन लावले, डोळे मिटले.

आधी फक्त खोके. मग दादा. आणि दादाच्या दोन ओळींच्या मधल्या शांततेत, भिंतीपलीकडून यावा तसा, एक सरळ, न चढणारा, न उतरणारा आवाज: आपले पत्र मिळाले. उत्तरास विलंब झाला याबद्दल क्षमस्व.

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पॉलिशवाली मुलगी सांगते की त्यांनी फक्त टेबलावरचं घासायचं मशीन बंद केलं आणि बराच वेळ पात्याला लागलेलं रबर नखाने काढत बसल्या.

तो आवाज आईचा होता. आई लघुलेखन शिकवायची. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी ती फितीवर पत्रं वाचायची, मिनिटाला ऐंशी शब्द. ती गेल्यावर घरात तिचं एकच रीळ उरलं होतं. कॅसेट निघाल्यावर दोन आठवड्यांनी ते सापडेना. बाईंनी दादाला धारेवर धरलं, तुझ्या संगीतापायी तू आईसुद्धा पुसलीस म्हणाल्या, आणि आपल्या वाटची कॅसेट एकदाही न लावता कचऱ्यात टाकली. दादाने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो दुसऱ्या शहरात गेला, शीतगृहात नोकरीला लागला. पुढची अकरा वर्षं बहीणभावांत घरपट्टी, औषधं आणि गाड्यांच्या वेळा एवढंच बोलणं झालं. दवाखान्यात शेवटी बाई चार दिवस उशाशी होत्या. तेव्हाही तो विषय निघाला नाही.

म्हणजे आपण बरोबर होतो, असं बाईंना पहिल्यांदा वाटलं. त्यात समाधान नव्हतं, पण पायाखाली घट्ट काहीतरी होतं.

संशोधकाकडे आणखी एक बातमी होती. मूळ रीळ लंबूच्या माळ्यावर सापडलं होतं आणि दोन गल्ल्या पलीकडे जुन्या फिती दुरुस्त करणाऱ्याकडे होतं. दुपारच्या सुट्टीत दोघे तिथे गेले.

खोली लांबट, खिडकीला काळा कागद, टेबलावर दोन टेपरेकॉर्डर पोट उघडं टाकलेले. दुरुस्तीवाला कमी बोलणारा माणूस. मागच्या आवाजाचं रहस्य त्याने पेन्सिलीने कागदावर एक आडवी पट्टी काढून सांगितलं. आईचं जुनं यंत्र फितीच्या पूर्ण रुंदीवर आवाज नोंदवायचं. उसनं यंत्र नव्या पद्धतीचं, ते फितीच्या दोन कडांवर दोन पट्टे पुसून त्यावर नवं नोंदवायचं. मधली अगदी बारीक पट्टी न पुसता राहिली. आई त्या पट्टीत होती. संशोधकाचे हातवारे थांबले. आवाज कुणाचा, हे बाईंनी त्याला येतानाच एका वाक्यात सांगितलं होतं.

"तरीही," तो म्हणाला, "त्यांनी मुद्दाम ही फीत निवडली असेल. आईच्या आवाजावर. हे तर आणखी मोठं आहे."

दुरुस्तीवाल्याने रीळ अगदी सुरुवातीपासून लावलं. कॅसेटवर हा तुकडा नव्हता, प्रती काढताना संगीतापासून सुरुवात केली होती. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दादा, तरुण, घसा साफ करत:

"अगं, फीत कोरीच आहे ना?"

आणि एक मुलगी, वैतागून, तोंडात काहीतरी चघळत: "हो रे बाबा. मीच काढलीय खोक्यातून. वाजव आता."

खोक्याचा पहिला ठोका पडला. दुरुस्तीवाल्याने यंत्र थांबवलं नाही, कारण त्याला कळलं नव्हतं. संशोधकाला कळलं असावं, तो जमिनीकडे पाहत होता. बाई अठ्ठावीस मिनिटं उभ्याच राहिल्या. संगीत संपलं तिथे पुसणंही संपलं होतं, आणि आई एकाएकी पूर्ण आवाजात खोलीत आली. तीन मिनिटं ती मालाच्या खेपेबद्दल एका अज्ञात कंपनीला पत्र सांगत होती. मग फीत सुटून चक्रावर फटफट वाजू लागली.

"प्रती काढणाऱ्याने हे ऐकलं असणारच," दुरुस्तीवाला म्हणाला. "शेवटापर्यंत गेल्याशिवाय कळत नाही ना, कुठे थांबायचं ते." आणि त्याने रिळाची डबी पुढे केली. झाकणाच्या आतल्या बाजूला दादाचं अक्षर होतं, पेन्सिलीतलं: पुसू नये. धाकटीला सांगू नये.

"ही धाकटी कोण, ते मला उमगलं नव्हतं," संशोधक हळूच म्हणाला.

घरात बाईंना धाकटी म्हणायचे. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी नाही.

प्रती दादाने एकट्याने काढल्या होत्या, लंबूच्या घरी. म्हणजे बहिणीने आरडाओरडा केला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. एका वाक्यात तो सुटला असता. ते वाक्य त्याने अकरा वर्षं गिळलं.

संशोधकाने मोठेपणा दाखवला, हे सांगायला हवं. तो म्हणाला, प्रकरण आहे तसं राहू दे. आवाज दादांनीच योजला असं लिहिलेलं आहे, कुणाचं बिघडत नाही, त्यांना इतक्या वर्षांनी मान मिळतोय. सुरुवातीचं ते बोलणं पुस्तकासोबत निघणाऱ्या कॅसेटच्या नव्या आवृत्तीत घेणार नाही. बाई स्टुलावर बसल्या. मोह साधा नव्हता. गप्प राहिलं तर भावाला मोठेपणा मिळत होता आणि स्वतःची चूक कायमची झाकली जात होती, दोन्ही एकाच दमात. त्यांनी पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायल्या.

"त्याने योजलं नाही," त्या म्हणाल्या. "लिहून घे. रीळ बहिणीने निवडलं, न बघता. भावाने ऐकलं आणि तरी चाळीस प्रती काढल्या. यातलं कमी करू नकोस, जास्तही नको."

"आणि सुरुवातीचं बोलणं?"

"ते अगदी सुरुवातीला घे. त्यातच आहे सगळं."

संशोधकाने लिहून घेतलं. त्याचं दोन पानांचं म्हणणं खोडलं गेलं. पण शेवटचा भाग बदलून तिथे काय येणार हे त्याला तेव्हाच सुचलं असावं, कारण जिना उतरताना तो मध्येच पायरीवर थांबून वहीत काहीतरी लिहीत होता. कारखान्यात परतल्यावर पॉलिशवालीने विचारलं, कसं होतं संगीत?

"खोके जरा घाईत वाजवलेत," बाई म्हणाल्या आणि मशीन चालू केलं.

दुरुस्तीवाल्याने सांगितलं आहे की फितीच्या मधोमध बसणारं, आवाज वाचणारं अरुंद हेड त्याच्याकडे आहे. ते लावलं तर कडांवरचं संगीत बरंचसं मागे पडतं आणि फक्त मधली पट्टी वाजते. त्यासाठी उद्या, बुधवारी, सकाळी साडेनऊची वेळ ठरली आहे. पूर्ण फीत वाजायला एकतीस मिनिटं लागतात. बाईंनी रजेच्या वहीत सकाळचा अर्धा दिवस लिहून सही केली आहे. त्या एक वाजता कामावर येतील.