सही न झालेली बेचाळीस जर्नलं

पट्टीबाई आमच्या शाळेत आल्या तेव्हा मला तिथे भूगोल शिकवून नऊ वर्षं झाली होती. शिक्षकखोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. मला त्या आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं मी त्यांच्या कौतुकासाठी सांगतेय असं वाटायचं.

नाव मुलांनी ठेवलेलं. बाई वरच्या वर्गांना भौतिकशास्त्र आणि गणित शिकवायच्या आणि मीटरभर लांब लाकडी पट्टी सतत हातात असायची. त्या पट्टीने त्यांनी कुणाला मारलं नाही, फक्त मोजलं. पण बोलणं असं लागट, की मुलं म्हणायची, यापेक्षा दोन छड्या परवडल्या. कुणी उत्तर सांगितलं की त्या विचारायच्या, "तू मोजलंस का?" नाही म्हटलं की खाली बसवायच्या, आणि मग तास संपेपर्यंत त्या मुलाकडे बघायच्याही नाहीत.

त्यांना शाळेत आणलं होतं त्यांच्या सासऱ्यांनी. सासरे म्हणजे आमचे मोठे सर. बावीस वर्षं मुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मोठे सर आले की आत्ताचे मुख्याध्यापक खुर्चीतून उठायचे. सून आपल्या शब्दावर लागली म्हणजे आपल्या शब्दात राहील, असा त्यांचा हिशेब होता.

पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेआधी बेचाळीस मुलांनी जर्नलं आणून टेबलावर ठेवली. दर वर्षी त्यावर शिक्षकांनी सही करायची, शिक्का मारायचा आणि गठ्ठा बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसाठी बाजूला ठेवायचा, एवढंच काम. बाई ती वाचत बसल्या. लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. बेचाळीस जणांचा आकडा एकच आला होता, नऊ पूर्णांक आठ.

त्यांनी प्रयोगशाळेचं कपाट उघडायला लावलं. शाळेत स्टॉपवॉच एकच होतं. चावी फिरत नव्हती आणि आतून गंज बाहेर आला होता. मग त्यांनी माळ्यावरची जुनी जर्नलं खाली काढली. तेच आकडे, दशांश चिन्हासकट. सात वर्षांपूर्वी कुणा टारगट मुलाने 'लंबकाची लांबी' ऐवजी 'लंबकर्णाची लांबी' असं लिहिलं होतं. लंबकर्ण म्हणजे गाढव. ते गाढव तेव्हापासून दर वर्षी न चुकता उतरवलं गेलं होतं, आणि पहिल्या तीन वर्षांच्या जर्नलांवर त्याच्या खाली मुख्याध्यापक म्हणून मोठ्या सरांची वळणदार सही होती.

बाईंनी ते शिक्षकखोलीत वाचून दाखवलं तेव्हा मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी सही करणार नाही. सगळ्यांनी प्रयोग परत करायचा."

तेव्हाच मला कळलं की त्या स्वतः शिकल्या त्या शाळेतही जर्नल असंच उतरवलं जायचं. त्यांना प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी मिळाले होते. कॉलेजात पहिल्या दिवशी मोजमापाचं एक साधं उपकरण हातात दिलं, तर ते कुठून धरायचं हेही त्यांना माहीत नव्हतं. अख्खी बाकं हसली होती. हे त्यांनी मला जेवणाचा डबा झाकता झाकता, कोरड्या आवाजात सांगितलं. पण त्या आठवड्यात मी माझी खुर्ची खिडकीपाशी नेली, कारण त्यांच्या शेजारी बसणं आता बरं दिसत नव्हतं.

मुख्याध्यापकांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. पालक आले. परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना हे काय खूळ, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटत होतं. घरी तर निराळंच रामायण. मोठ्या सरांनी सुनेच्या हातचं जेवण बंद केलं. दोन दिवस बाईंनी ताट वाढून ठेवलं, तिसऱ्या दिवशी वाढलं नाही. सर सुनेला एवढंच म्हणाले, "माझ्या सहीला तू खोटं म्हणालीस." ती म्हणाली, "मी फक्त वाचून दाखवलं." नवरा मध्ये बसून भात चिवडत राहिला.

बाईंनी प्रयोग मात्र करून घेतला. स्टॉपवॉच नव्हतं, तर मुलांच्या मनगटावरची घड्याळं घेतली. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून जिन्याच्या पोकळीत सहा मीटर दोरी सोडली आणि खाली वाळू भरलेला डबा बांधला. मुलं चिडलेली होती. हेलकावे मोजताना मुद्दाम चुकायची, मग बाई पहिल्यापासून मोजायला लावायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्यातच भांडणं सुरू झाली, ती वेगळ्याच गोष्टीवरून. डबा सोडला तो पहिला हेलकावा धरायचा की नाही? घड्याळ एका सेकंदाने चुकलं तर आखूड दोरीवर उत्तर जास्त बिघडतं की लांब दोरीवर? मी वर्गात जाताना जिन्यात थबकून ऐकलं होतं. सगळ्यात मोठ्याने एक मुलगी भांडत होती. तिची आई पालकांमध्ये सगळ्यात पुढे असायची. कुणाचं नऊ पूर्णांक सहा आलं, कुणाचं दहा. कुणाचंही दुसऱ्यासारखं आलं नाही. बाईंनी बेचाळीस नवी जर्नलं वाचली आणि सह्या केल्या.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. प्रयोगशाळेत लंबक एक मीटरचाच होता. त्या मुलीने स्वतःच्या घड्याळावर वीस हेलकाव्यांना एक्केचाळीस सेकंद मोजले आणि उत्तर लिहिलं, नऊ पूर्णांक चार. परीक्षकांनी चष्म्यावरून बघून सांगितलं, उत्तर नऊ पूर्णांक आठ यायला हवं, खोडून नीट कर. देखरेखीला मी होते.

मुलगी म्हणाली, "सर, हे घड्याळ अर्धा सेकंद दाखवत नाही, म्हणून एवढा फरक पडतो. पण मी जे मोजलंय तेच लिहिलंय. तुम्ही मोजून बघा."

परीक्षकांनी तिचे पाच गुण कापले. बाकीच्यांचेही दोन-दोन, तीन-तीन गेले. शेजारच्या शाळेत सगळ्यांना पूर्ण गुण होते.

निकालानंतर मुलीची आई शिक्षकखोलीत आली. बसा म्हटलं तरी बसली नाही. बाईंना म्हणाली, "शिकवायचं सोडून तुम्ही माझ्या पोरीला उलट उत्तरं द्यायला शिकवलंत." मुलगी दाराशी उभी होती. बाईंनी तिला विचारलं, तू कशाला वाद घातलास, खोडून टाकायचं होतंस. त्या हे खरंच विचारत होत्या की तिची परीक्षा बघत होत्या, मला आजही सांगता येणार नाही.

मुलगी म्हणाली, "तुम्ही मला अजिबात आवडत नाही, बाई. पण आकडा बरोबर होता."

आईने तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं. बाई उठून नळावर गेल्या, तोंड धुतलं आणि पुढच्या तासाला गेल्या.

जूनमध्ये मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडचे वरचे वर्ग काढून पाचवी दिली. मोठे सर त्या दिवशी मुद्दाम शाळेत चहाला आले होते. महिन्याभरात बाईंनी आणि नवऱ्याने दुसरीकडे दोन खोल्या घेतल्या. सामान हलवताना सासरे आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत, आणि सूनही आत नमस्काराला गेली नाही.

पाचवीत तरी त्या गप्प बसतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पोरांना घरातल्या माणसांची उंची मोजून आणायला सांगितली. तिसऱ्या दिवशी एक वडील वही घेऊन तणतणत आले. आपली उंची पाच फूट नऊ इंच आहे, सगळ्या कागदपत्रांवर तशीच आहे, आणि पोराने पाच सात लिहिलीय, ती बाईंनी दुरुस्त करावी.

बाईंनी वही बघितली. आपली पट्टी उचलली आणि म्हणाल्या, "चपला काढा. भिंतीला टाचा लावून उभे राहा."