टीमचा रकाना

पडघ्याच्या आमच्या गोदामात सकाळी फळा भरायचं काम कोन गावाहून येणाऱ्या एका काकांचं. स्टॉकची हेल्थ, फोर्कलिफ्टची हेल्थ, टीमची हेल्थ, असे त्यावर रकाने. ठीक असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. ऑफिसच्या इंग्रजीत टीमची हेल्थ म्हणजे शिफ्टला माणसं पुरेशी आहेत की नाहीत, एवढंच. तरी काका आधी एकेका हमालापाशी जायचे. "झोप झाली का? खोकला हाय का गेला?" असं विचारून मगच मार्करचं टोपण काढायचे. आम्ही हसायचो, मीसुद्धा.

सोमवारी कामतघरचा एक हमाल खोकं उचलताना कोसळला आणि गेला. मंगळवारी ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवला. काकांनी सगळे रकाने भरले, टीमचा तेवढा कोरा ठेवला.

"माणसं पूर्ण आहेत ना? मग हिरवा द्या," मॅनेजर म्हणाले.

"पुरी हायत, सायेब. पन हात धजत न्हाय."

त्यांनी मार्कर टेबलावर ठेवला आणि त्या नव्या माणसाकडे गेले, झोप झाली का विचारायला.

फळ्यासमोरची सकाळची मीटिंग खोळंबली होती. तो हिरवा ठिपका मी दिला.